थूल सरांनी लांबवलेला दिवस

सिंदी मेघेच्या श्रावण थूल सरांनी आयुष्यात एकच घोषणा केली. तीही ठरवून नव्हे, बसल्या जागी पुटपुटताना सापडले म्हणून.

झालं असं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाची शनिवारची बैठक समाजमंदिराच्या ओसरीत भरली होती. थूल सर नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. चौतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल राहिलेल्या माणसाला मंडळाने दुसरं काम तरी काय द्यावं? अध्यक्ष रूपराव, म्हणजे वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन, मासोळीच्या रश्श्यावर बोलत होते. रश्श्यावरून गाडी मासोळीच्या अंड्यांवर आली.

"मासोळी काई कवाही अंडे देत नाई," रूपरावांनी निकाल दिला. "पानी पडलं, पूर आला, तवाच."

"तसंच काही नाही," थूल सर वहीत बघत पुटपुटले. "दिवस लांबला आणि पाण्यात ऊब आली, की काही जातींना पाऊसही लागत नाही."

"कोन बोललं?"

ओसरीतल्या सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. मंडळाच्या इतिवृत्तातून कधी आवाज आलेला नव्हता.

"थूल सर? उठून बोला ना, सर. मंग दिवस कोन लांबवन, तुमी?"

सगळे हसले. हसण्याला थूल सरांची हरकत नव्हती. आयुष्यभर ते मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या विनोदांना हसत आले होते. पण या हसण्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचे शेजारी नानाजी उईके यांचा होता, आणि तिथे त्यांचं बिनसलं. ते उठले. पेनाचं टोपण खाली पडलं. म्हणाले, "सव्वीस जानेवारीला दाखवतो. भर हिवाळ्यात. आमच्या घरच्या टाक्यात."

मग ते खाली बसले आणि स्वतःचीच घोषणा त्यांना स्वतःच्याच अक्षरात लिहावी लागली. त्यांनी लिहिलं, 'श्री. थूल हे दाखवण्याचा प्रयत्न करण्याची शक्यता पडताळतील.' रूपरावांनी सही करण्याआधी वाचलं आणि "हे काय लिवून ठेवलं?" म्हणून खोडून 'दाखवतील' असं केलं.

आता या घोषणेमागे नुसता ताव होता असं कुणी समजू नये. थूल सरांच्या मनात एक जुनी शंका घर करून होती. चौतीस वर्षं त्यांनी खिडकीतून लोकांच्या हातात पुस्तकं दिली, परत घेतली, तारखा टाकल्या. पण एखादं पुस्तक खिडकीबाहेर जाऊन खरंच काही करतं का, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. नसेल करत, तर मग आपण आयुष्यभर काय केलं? निवृत्तीच्या वेळी रद्दीत चाललेली एकशे बारा पानांची एक पुस्तिका त्यांनी घरी आणली होती. पाळीव माशांच्या प्रजननावर उजेडाचा आणि तापमानाचा काय परिणाम होतो, यावरची. माशाच्या डोळ्यात किती तास उजेड जातो, त्यावरून त्याच्या मेंदूला ऋतू कळतो. चौदा तासांचा दिवस आणि कोमट पाणी मिळालं की त्याला वाटतं थंडी सरली, आणि पोटात अंडी पिकायला लागतात. सरांनी ती सहा वेळा वाचली होती. हिच्यातलं एक वाक्य जरी खरं करून दाखवलं, तरी चौतीस वर्षं वाया गेली नाहीत, असा त्यांचा स्वतःशी करार होता.

पौर्णिमाबाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, हे सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"पपईचंबी पुस्तक वाचलं होतं तुमी," एवढंच त्या म्हणाल्या.

हा वार वर्मी होता. पपईची हकीकत सांगितल्याशिवाय नानाजींची हकीकत सांगता येणार नाही. सरांनी तीन वर्षांपूर्वी पुस्तक वाचून, खड्डा मोजून, परसात पपई लावली. ते बघून नानाजींनी भिंतीपलीकडे एक रोप असंच टोचून दिलं. आज सरांच्या पपईला नुसत्या फुलांच्या लांब माळा लोंबतात, आणि नानाजींच्या झाडाला एवढी फळं लागतात की ते बांबूने टेका देतात. सरांनी फाटक हिरवं रंगवलं. पुढच्या आठवड्यात नानाजींनी रंगवलं, आणि लोक पत्ता सांगताना 'नानाजीच्या हिरव्या फाटकाजवळचे थूल सर' म्हणू लागले. नानाजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मोठा आवाज, मोठा हात, मोठं हसू. वाईट माणूस असते तर फार सोपं झालं असतं. पण दर आठवड्याला एक पिकलेली पपई ते भिंतीवरून सरांना देत, आणि ती गोड निघे. ती खाताना सरांना काय होत असे, ते त्यांनाच माहीत.

तर मासोळ्या आणायच्या होत्या. वर्ध्याच्या बाजारात कमलाबाईकडे जिवंत सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मिळतात. हे मासे साचलेल्या पाण्यात, पाणवनस्पतींवर आपली आपण अंडी घालतात. टाक्यात ठेवायला यांच्यासारखे सोयीचे कुणी नाहीत. सर प्लास्टिकचा डबा घेऊन गेले. डब्यावर काळ्या शाईने 'ड-९' लिहिलं होतं. सरांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर दाखल क्रमांक असतो, ही चौतीस वर्षांची खोड. छत्री छ-२, बादली ड-४, बनियनींवरसुद्धा खालच्या काठाला ब-१ ते ब-६. "मलेबी एखादा नंबर देऊन टाका," असं पौर्णिमाबाई एकदा म्हणाल्या होत्या, आणि सरांनी क्षणभर विचार केला होता, ही गोष्ट त्या अजून विसरलेल्या नाहीत.

"पिल्लं पाडाचे हायेत का, गुरुजी?" कमलाबाईने विचारलं. "मंग नर किती देऊ, मादी किती देऊ? थांबा, दाबून दाखवते. नराचं पोट दाबलं का नाई—"

तिने मासा उलटा केला. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या दुकानापाशी कॉलेजातल्या दोन जुन्या विद्यार्थिनी येऊन उभ्या राहिल्या आणि "नमस्कार, सर!" म्हणाल्या. थूल सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भर बाजारात, मुलींसमोर, असला तपशील! पुस्तिकेत हा भाग पान चव्वेचाळीसवर होता आणि तिथे त्यांना काही वाटलं नव्हतं. पण छापलेलं वेगळं आणि कमलाबाईच्या खणखणीत आवाजातलं वेगळं.

"नको नको, दाबू नका," ते घाईघाईने म्हणाले. "तुमच्या मनाने द्या. सहा द्या."

कमलाबाई म्हणजे मान राखणारी बाई. गुरुजींनी आपल्यावर सोडलंय म्हटल्यावर तिने अख्ख्या टोपल्यातल्या सहा सगळ्यात गुबगुबीत मासोळ्या निवडून दिल्या.

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून आवाज आला, "सर! मीबी आनले!"

नानाजींच्या परसात पपईला पाणी द्यायचा एक जुना हौद होता. त्यात त्यांनी पाच मासे सोडले होते. कमलाबाईशी अर्धा तास गप्पा मारून, तीन नर आणि दोन माद्या, प्रत्येकाचं पोट दाबून, शिवाय बाजारात उभ्या असलेल्या आणखी चौघांना दाबून दाखवून.

"तुमचं पाहूनच आनले, सर. तुमी त वाचेल मानूस. ते पुस्तक देता का मले दोन दिवस?"

थूल सरांच्या तोंडून जे निघालं त्याचं त्यांनाच नवल वाटलं. "ती संदर्भ प्रत आहे. बाहेर देता येत नाही."

"असं का," नानाजी म्हणाले, आणि त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. हे आणखी वाईट.

आता उजेड. सूर्य मावळला की टाक्यावर दिवा लावायचा आणि साडेआठला मालवायचा, म्हणजे माशांचा दिवस चौदा तासांचा. सरांनी आधी दिवा स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधला. पहिल्याच संध्याकाळी एवढे किडे आले की वरणातून सात निघाले. पौर्णिमाबाईंनी दिवा परसाच्या टोकाला, भिंतीपाशी हलवायचा आदेश दिला. मदतीला रूपराव आले. रूपराव आयुष्यभर खांबावर चढलेले. दिवा माणसाच्या उंचीवर लावणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. त्यांनी भिंतीला लागून एक वीस फुटी बांबू उभा केला आणि त्याच्या शेंड्यावर दिवा चढवला.

"एवढा उंच?" सरांनी विचारलं.

"लाइट हमेशा वरून पडाले पायजे," रूपराव म्हणाले. त्यावर वाद नव्हता.

त्या दिव्याखाली संध्याकाळी गल्लीतल्या बायका भाजी निवडायला बसू लागल्या. पलीकडच्या गल्लीतून 'आमच्याकडेही खांब टाका' असा अर्ज सरांच्या नावाने आला. एका गृहस्थांनी त्या उजेडात स्कूटर दुरुस्त केली आणि सरांच्या हाताला ग्रीस लावून गेले. सर मात्र रोज वहीत नोंद करत: 'दिवा लावला ५.४०. दिवा मालवला ८.३०.' उजेड भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण उजेडाला दाखल क्रमांक कसा घालणार?

मग ऊब. पाणी निदान बावीस-तेवीस अंश हवं, आणि सरांचं टाकं भिंतीच्या उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे भिंतीची सावली दिवसभर सरांच्या टाक्यावर आणि ऊन दिवसभर नानाजींच्या हौदावर. सूर्यसुद्धा त्यांच्याच बाजूचा! सरांनी तापमापी बुडवली तर सतरा. त्यांनी आधी बंबातलं पाणी ओतून पाहिलं. पौर्णिमाबाईंना त्या दिवशी गार पाण्याने आंघोळ करावी लागली, आणि तो प्रयोग कायमचा संपला. मग पुस्तिकेतली युक्ती. स्लॅबवर काळ्या पाइपाचं शंभर फुटांचं वेटोळं टाकायचं, त्यातून पाणी सोडायचं. उन्हाने ते तापून टाक्यात येतं. हे जमलं. पारा तेविसावर चढला तेव्हा सरांनी तो पौर्णिमाबाईंना बोलावून दाखवला.

पण टाक्यात पाणी येणार म्हणजे जास्तीचं बाहेर जाणार. ते जुन्या नालीतून भिंतीच्या बुडाशी असलेल्या भोकातून पलीकडे, नानाजींच्या पपईला जात असे. आठ दिवसांनी सरांनी भिंतीवरून सहज डोकावून पाहिलं. सहज म्हणजे स्टूल ठेवून. भोकाला पलीकडून पाइपाचा तुकडा जोडलेला होता आणि सरांनी तापवलेलं कोमट पाणी थेट नानाजींच्या हौदात पडत होतं.

"वाया जाऊन राह्यलं होतं ना, सर!" खालून नानाजी हसून म्हणाले. "घ्या, पपई घ्या."

मंडळात दाखवायचं म्हणजे जाणता साक्षीदार हवा, म्हणून सर एका कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगायचं कारण नाही. फॉर्म सगळीकडे सारखेच असतात. फॉर्मवर 'जलक्षेत्र (हेक्टरमध्ये)' असा रकाना होता. दहा फूट गुणिले सहा फुटांचे हेक्टर करायला सरांना सकाळचे दोन तास लागले होते. त्यांनी अभिमानाने ०.०००५६ लिहिलं.

"दोनच आकडे घेते हे," खिडकीतला बाबू म्हणाला, आणि कागद छापून बाहेर आला. त्यावर होतं, 'जलक्षेत्र: ०.०० हेक्टर.'

"काका, याच्यानुसार तुमच्याकडे पानीच नाई."

"आहे. दहा बाय सहा."

"घरी असन. इथं नाई. शेजाऱ्यापाशी आहे का काही? दोघं मिळून अर्ज करा, मंग थोडं तरी दिसन."

थूल सर कागद घडी घालून परत निघाले. सरकारदरबारी आपलं एकूण क्षेत्रफळ शून्य आहे, ही शंका त्यांना पूर्वीपासून होती. आता छापील पुरावा मिळाला. जिन्यात कुणीतरी हाक मारली. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या रोशनी मॅडम. एके काळी वाचनालयात पंख्याखालची खुर्ची धरून बसणारी मुलगी.

"सर, तुम्ही कसे काय इकडे?" सगळं ऐकून ती म्हणाली, "शून्य तर शून्य. सव्वीसला झेंडावंदन झालं की मी स्वतः येते बघायला."

जानेवारी उजाडला. सरांच्या मासोळ्या फुगत चालल्या. पोटं अशी टम्म झाली की पौर्णिमाबाई एकदा नकळत "जपून पोहा गं बाई" म्हणाल्या. सर रोज सकाळी पाणवनस्पतींच्या जुड्या वर काढून बघत. काही नाही. पंधरा तारीख झाली, अठरा झाली. पुस्तिकेप्रमाणे सगळं होत होतं, फक्त जे व्हायला हवं तेवढं होत नव्हतं. सरांना वाटे, मासोळ्यांनाही कळलं असावं, आपण कुणाच्या टाक्यात आहोत ते.

बावीसला सकाळी भिंतीपलीकडून गर्जना झाली.

"सर! अंडे! सर, अंडे देल्ले!"

सर स्टुलावर चढले. नानाजींच्या हातात पाणवनस्पतीची जुडी होती आणि तिच्या काडीकाडीला राजगिऱ्यासारखे पिवळसर दाणे चिकटले होते. शेकडो. हजारो.

"गोगलगायीची असतील," थूल सर म्हणाले.

असं आपण म्हणालो, हे त्यांना नंतर कितीतरी वेळ आठवत राहिलं.

नानाजींनी कमलाबाईने सांगितल्याप्रमाणे मासे काढून टिपाडात ठेवले, म्हणजे ते अंडी खाणार नाहीत, आणि मग सगळ्या गल्लीला बोलावलं. दुपारपर्यंत मंडळाचा निर्णय झाला: सव्वीसला नानाजी उईके यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. इतिवृत्त लिहायला थूल सरांना बोलावणं आलं. त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचाही त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी थंडीची लाट आली. पेपरात पारा नऊवर गेल्याची बातमी. सर पुस्तिका घेऊन बसले आणि पान एकाहत्तरवर एक वाक्य समोर आलं. पाणी एकदम गार झाल्यास अंडी पांढरी पडून बुरशी धरतात. त्यांनी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठले, दोरीवरची एक जुनी बनियन घेतली, परसात गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा बोळा करून भिंतीच्या बुडाच्या भोकात कोंबला. पलीकडे पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला.

आपलं पाणी, आपण थांबवलं. यात कुठला कायदा मोडला? शिवाय हौदावर ऊन पडतंच. शिवाय माणसाने स्वतःच्या हिमतीवर अंडी जगवावीत. असे तीन मुद्दे त्यांनी मनातल्या मनात मांडले आणि ते जेवायला बसले. ताटात नानाजींची पपई होती.

"काऊन, खात नाई?" पौर्णिमाबाईंनी विचारलं. "गोड हाये."

"गोड आहे, माहीत आहे," सर म्हणाले.

जेवून ते आडवे झाले. डोळे मिटले की पिवळे दाणे एकेक करून पांढरे पडताना दिसत. आयुष्यात त्यांनी एका वाक्याची परीक्षा घ्यायची ठरवली होती, आणि परीक्षेला बसवलं होतं ते पान एकाहत्तरवरचं! चौतीस वर्षांत त्यांनी पुस्तकाचं पान फाडणारी मुलं पाहिली होती, पुस्तक चोरणारे प्राध्यापक पाहिले होते. पण पुस्तकातलं वाक्य काढून ते शेजाऱ्याच्या अंड्यांवर सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तास झाला असेल. ते अनवाणीच परसात धावले.

भोकात बनियन नव्हती. पाणी खळखळ वाहत होतं.

पाण्याच्या जोराने निघाली असेल, सरांनी ठरवलं. वाहून गेली असेल कुठे तरी. त्यांनी स्टूल काही घेतलं नाही.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि अख्खं मंडळ इस्त्रीच्या कपड्यांत नानाजींच्या परसात जमलं. रोशनी मॅडम हौदावर वाकल्या. पाण्यात पापणीच्या केसाएवढी असंख्य पिल्लं वळवळत होती. टाळ्या झाल्या. रूपरावांनी शाल पांघरली.

"काका, जानेवारीत कसं जमवलं हे?" रोशनीने विचारलं. "आमच्याकडेही एवढ्या लवकर नाही होत."

नानाजी शालीत गोंधळून उभे राहिले. "मले काय माईत, मॅडम? मी त पाच मासोळ्या टाकल्या. लाइट सरांचा. गरम पानी सरांचं. ते रोज टाइमावर लावत, टाइमावर बंद करत. मी काई नाई केलं. तेच सांगतीन."

सगळे थूल सरांकडे वळले. सरांच्या खिशात चौदा पानांचं भाषण होतं. ते तिथेच राहिलं. पण आत कुठेतरी काहीतरी उजळलं. वाक्य खरं होतं! पुस्तिका खरी होती. फक्त भिंत चुकली होती.

"मग सर, तुमच्याकडे का नाही झालं?" रोशनीने विचारलं. "चला, बघू."

अख्खं मंडळ फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या हिरव्या फाटकातून आत आलं. रोशनीने बाह्या सरसावल्या, एक मासोळी अलगद उचलली, पोटावरून अंगठा फिरवला. पिवळी अंडी ओघळली. दुसरी. तिसरी. सहावीपर्यंत ती तपासत गेली.

"सर, एकदम तयार आहेत. पुस्तकात असतं ना, तशा." मग तिने मान खाली घातली, हसू दाबत असावी. "पण सर, सहाही माद्या आहेत."

रूपरावांनी बोटांवर सहा मोजून पाहिले. मग पौर्णिमाबाईंचा आवाज आला.

"पपईचं झाड आनलं त नर. मासोळ्या आनल्या त साऱ्या माद्या. बाई गं!"

जे हसू फुटलं, ते पार वर्ध्याच्या सर्कस मैदानापर्यंत ऐकू गेलं असावं. रूपराव तर बांबूला धरून हसले आणि वरचा दिवा हलला. थूल सर डोळे मिटून उभे होते. पण हसू ओसरल्यावर त्यांना जाणवलं, की आपणही हसतोय, थोडंसं, मागच्या रांगेतल्यासारखं.

संध्याकाळी त्यांनी स्टूल घेतलं. बाजारात कमलाबाईपुढे लाजून गिळलेलं वाक्य त्यांना आता भिंतीवरून बोलायचं होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस अंगावर शाल तशीच ठेवून पपईला पाणी घालत होता. सरांनी वाक्य चार वेळा मनात घोळवलं होतं. प्रत्यक्षात ते असं निघालं:

"नानाजी, तुमच्याकडे... म्हणजे टिपाडात... एखादा नर जास्तीचा असेल, तर..."

"एक काऊन, दोन नेजा ना!" नानाजींनी लगेच टिपाडात हात घातला. मासे बादलीत घालून बादली भिंतीवर ठेवली, आणि मग घरात जाऊन काहीतरी घेऊन आले. धुतलेली, वाळवलेली, चार घड्या घातलेली बनियन. खालच्या काठाला काळ्या शाईत ब-३.

"नालीत फसून गेल्ती," नानाजी म्हणाले. "मी वढून काढली. नंबर होता म्हनून समजलं, कोनाची आहे ते. लय दिवस ठेवून घेतली, सर. लेट फी काय होते, सांगजा."

त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचंच मोठं हसू होतं. त्यात काही लपलेलं आहे का, हे थूल सरांनी शोधून पाहिलं. सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी ब-३ वरून एकदा अंगठा फिरवला. बनियन घेऊन खाली उतरले, घरात गेले, आणि परत स्टुलावर चढले तेव्हा त्यांच्या हातात एकशे बारा पानांची पुस्तिका होती. त्यांनी ती भिंतीवरून पलीकडे दिली.

नानाजींनी हात शालीला पुसून ती घेतली. उघडून मागचं पान पाहिलं. "यावर परत कराची तारीख नाई टाकली, सर."

"नाही टाकली," थूल सर म्हणाले.

चौतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यांना थोडं हलकं वाटलं, थोडं थंडही. पलीकडे पपईची पिवळी फळं त्यांच्याच दिव्याच्या उजेडात चमकत होती. सतरा, त्यांनी मोजली. नानाजी पानं चाळत म्हणाले, "सर, पपईचंबी एक पुस्तक हाये ना तुमच्यापाशी?"

"आहे," थूल सर स्टुलावरून उतरता उतरता म्हणाले. "पण ती संदर्भ प्रत आहे."